मुंग्यांना रवा घालायचा, पण कुठला?

ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, आमच्या शुगर लँडच्या बाजूला, मोठा पाऊस होऊन ऊन पडलं की हिरवळीवर जागोजागी मातीचे ढीग वर येतात. माती चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत, आणि ढिगाला वरून कुठेही भोक नाही. भारतातून नुकतेच आलेले लोक म्हणतात घुशीनं उकरलं असेल, आणि चपलेनं ती माती सारखी करायला जातात. पुढचा अर्धा तास मग ते पाय झटकत नाचतात.

ही फायर अँट. मराठीत लाल मुंगीच म्हणायचं, पण आपल्या स्वयंपाकघरातली लाल मुंगी हिच्यापुढे अगदी सज्जन. ही आधी जबड्यानं कातडी घट्ट धरते आणि मग मागचा काटा टोचते. तेवढ्यावर थांबत नाही, धरलेल्या जागेभोवती गोल फिरत पुन्हा पुन्हा टोचते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टोच्यावर पांढऱ्या पुवाची बारीक पुळी. ती फोडायची नाही, फोडली की चिघळते.

दरवर्षी गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी मला विचारतंच, "तुमच्याकडे मुंग्यांचं काय करता हो? ऑरगॅनिक काही आहे का?" रांगेत उभ्या उभ्या एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्याकडे हे प्रकरण भेंडीवरून पेटलं. ह्यूस्टनच्या उन्हात बाकी भाज्या माना टाकतात तेव्हा भेंडी, गवार आणि चवळी जोमात असतात. आमची माती काळी, चिकट. इथे तिला गंबो म्हणतात, आणि मिरजेच्या बाजूच्या माणसाला ती बघून घरी आल्यासारखं वाटतं. पण या मुंग्यांना भेंडी माझ्यापेक्षा जास्त आवडते. फुलाच्या देठाशी, कोवळ्या शेंगेवर बसून कुरतडतात. शेंगा वाकड्या होतात, फुलं गळतात. सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज सकाळी भेंडी तोडायची हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं, आणि कितीही सांगितलं तरी पायात पट्ट्याची चप्पलच. व्हायचं तेच झालं. घोट्यापर्यंत पुळ्या उठल्या. त्यांनी हळद लावली, मी बर्फ लावला आणि अ‍ॅलर्जीची गोळी दिली. (कुणाचा श्वास अडकायला लागला, ओठ-जीभ सुजली, तर हळद आणि बर्फ दोन्ही सोडून सरळ 911, इथला तातडीच्या मदतीचा नंबर.)

मी म्हटलं, आई, आता औषध टाकते. तर त्या म्हणाल्या, "अगं, त्याच मातीतली भेंडी आपण खायची ना? भाजीत विष नको हो." वर आणखी, "आम्ही औदुंबराच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर-रवा घालतो, आणि तू मारायला निघालीस."

पहिला मुद्दा बिनतोड होता. दुकानातली बहुतेक मुंग्यांची औषधं भाजीच्या वाफ्यात वापरायची नाहीत असं पाकिटावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

मग घरगुती उपायांची यादी सुरू झाली, आणि त्यात टेक्सासची माणसं आपल्या आज्यांना हार जात नाहीत. कुणी व्हिनेगर आणि बेकिंग सोडा सांगतं, कुणी सोडा वॉटर, कुणी दालचिनी. एका ढिगाची माती फावड्यानं उचलून दुसऱ्या ढिगावर टाका, त्या आपापसात लढून मरतील, असंही ऐकलं. कोपऱ्यावरच्या घरातले ऐंशी पार केलेले आजोबा छातीठोकपणे सांगतात, मक्याचा रवा पसर, मुंग्या खातात आणि पोटात फुगून फुटतात. हा मक्याचा रवा म्हणजे इथले ग्रिट्स, नाश्त्याला लोणी घालून खातात तो.

हे शेवटचं ऐकायला इतकं छान आहे की खरं असायला हवं होतं. पण पूर्ण वाढलेल्या मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही. ती फक्त द्रव पिते. घन कण वारुळात नेऊन मोठ्या अळ्यांना भरवतात. अळी ते पचवून पातळ करून परत देते, आणि तो रस सगळ्या वारुळात तोंडातोंडी वाटला जातो, राणीपर्यंत. म्हणजे अख्ख्या वसाहतीचं पोट अळ्यांकडे. रवा खाऊन फुगणारं पोट कुणाकडेच नाही. आजोबांनी रवा पसरला की ढीग जरा पलीकडे सरकतो, आणि ते म्हणतात, गेल्या!

बहुतेक सगळ्या घरगुती उपायांची हीच गोम आहे. ढिगाला त्रास झाला की मुंग्या राणीला आणि अंडी-अळ्यांना घेऊन घर बदलतात. आपल्याला जुना ढीग ओसाड दिसतो. आठवड्यानं कंपाउंडच्या कडेला नाहीतर पाण्याच्या मीटरच्या डब्यात नवा ढीग. वसाहतीत दोन लाखांहून जास्त मुंग्या असू शकतात, आणि दिसतो तो ढीग म्हणजे नुसतं छप्पर. बाहेर जायच्या वाटा जमिनीखालून जातात, म्हणून तर वर भोक नसतं. त्यातून टेक्सासमध्ये एका वारुळात अनेक राण्या असलेल्या वसाहती बऱ्याच आहेत. एक राणी मेली म्हणून काही बिघडत नाही.

डायटोमेशियस अर्थ ही पांढरी पावडर ऑरगॅनिकवाल्यांची लाडकी. कोरडी असेल तर अंगाला लागलेल्या मुंग्या मरतात. पण राणीपर्यंत पोचत नाही, आणि ह्यूस्टनच्या दमट हवेत कोरडी राहणार किती वेळ? उकळत्या पाण्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा सांगते की एका ढिगावर दोन-तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर, उकळतं पाणी ओतलं तर साधारण साठ टक्के वेळा काम होतं. गार सकाळी ऊन नुकतं चढत असताना ओतावं, कारण ऊब घ्यायला राणी आणि अळ्या वरच्या थरात आलेल्या असतात. पण एवढं आधण घेऊन हिरवळीवरून चालणं म्हणजे लग्नघरातल्या आचाऱ्याचं काम. पायावर सांडलं तर मुंग्या परवडल्या. शिवाय जिथे ओताल तिथलं गवत, झाडांची मुळं, सगळं शिजतं. माझ्या कढीपत्त्याजवळ मी ते करणार नाही. ड्राइव्हवेच्या भेगेत जरूर करते.

आणि पेट्रोल? अजून ओततात लोक. मुंग्या मरतातही. जमीन आणि खालचं पाणीही मरतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

मग चालतं काय? रवाच चालतो, फक्त तेलात भिजवलेला. मक्याची बारीक कणी सोयाबीन तेलात भिजवून त्या तेलात औषध मिसळलेलं असतं. मुंग्यांना तेल प्रिय. कणी उचलून घरी नेतात, तेल चाटतात, एकमेकींना भरवतात आणि शेवटी राणीला. औषध मुद्दाम मंद असतं. खाताक्षणी मेली तर वाटणार कोण? ऑरगॅनिक बागेत चालणारं औषध म्हणजे स्पिनोसॅड. मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळतं. हा जिवाणू 1982 साली कॅरिबियन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रमच्या भट्टीच्या मातीत सापडला. हे मी आईंना सांगितलं नाही. स्पिनोसॅडचं आमिष भाजीच्या वाफ्यातही चालतं. पाकिटावर ओम्रीचा (OMRI, ऑरगॅनिकसाठी काय चालतं ते तपासणारी संस्था) शिक्का बघून घ्यायचा, कारण स्पिनोसॅडची सगळीच पाकिटं ऑरगॅनिक प्रमाणित नसतात. फवारायचं स्पिनोसॅड ओलं असताना मधमाश्यांना घातक असतं, म्हणून मी फवारा आणतच नाही.

आमिष कधी टाकायचं यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमकी इथेच लोक घाई करतात. आधी परीक्षा. बटाट्याचा एक तेलकट वेफर गवतात ठेवायचा आणि आत येऊन चहा घ्यायचा. वीस-तीस मिनिटांत वेफरवर मुंग्या चढल्या तर त्या अन्न शोधत फिरताहेत, आमिष टाका. नाही चढल्या तर पाकीट परत कपाटात. भर उन्हाळ्यात दुपारी त्या बाहेर पडतच नाहीत, शिवाय उन्हानं स्पिनोसॅडचा जोर जातो, म्हणून सूर्य कलल्यावर टाकायचं. जमीन कोरडी हवी, पुढचा एक दिवस पाऊस नको, स्प्रिंकलर बंद. ढिगावर ओतायचं नाही. छोटं हाताचं यंत्र फिरवून अख्ख्या अंगणात विरळ पसरायचं, कारण जितके ढीग दिसतात त्याहून जास्त वसाहती असतात. ढिगाला काठी लावायची नाही, पाय लावायचा नाही. चिडलेल्या मुंग्या जेवण सोडून लढायला येतात.

आईंना मी हे दाखवत होते तेव्हा त्यांनी कणी चिमटीत धरून वास घेतला. "तेल खवट नाही ना? खवट असेल तर मुंगीसुद्धा तोंड लावणार नाही." विस्तार सेवेच्या पत्रकातही हेच लिहिलंय. उघडलेलं पाकीट वर्षभर गॅरेजच्या उकाड्यात ठेवलं की तेल बिघडतं आणि आमिष वाया जातं. लहान पाकीट आणावं आणि संपवावं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे पाहुणचार करून मारायचं. त्यापेक्षा ओतलेलं पाणी तरी सरळ." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भेंडी मात्र त्यांनी खाल्ली.

आमिष टाकल्यावर आठवडा-दहा दिवस हात बांधून बसायचं. मग जे ढीग पायवाटेवर किंवा वाफ्यात अजून जिवंत असतील तेवढ्यांचाच स्वतंत्र समाचार घ्यायचा. त्यासाठी उकळतं पाणी, किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलाचं द्रावण. इथले ऑरगॅनिकवाले त्यात काकवी आणि कंपोस्टचं पाणी घालतात. काम तेलच करतं असं माझं मत, पण काकवीचा वास छान येतो. तेल जास्त झालं तर झाडं करपतात.

सगळं अंगण विषानं धुऊन का काढत नाही, असं नवरा विचारतो. कारण ते करून झालंय, आणि सरकारी पातळीवर. ही मुंगी दक्षिण अमेरिकेतली. 1930च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरात जहाजांतून उतरली. तिथे 1942 साली तेरा वर्षांच्या एका मुलानं घराशेजारी तिचं वारूळ पाहून नोंदवलं. तो पुढे मुंग्यांचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला, एडवर्ड ओ. विल्सन. 1957 पासून सरकारनं लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन टाकलं, बरंचसं विमानातून. पक्षी मेले, गुरं मेली, आणि मुंग्या परतल्या. परतल्या कारण गावठी मुंग्याही मेल्या होत्या. ज्या मुंग्या उडत आलेल्या नव्या राण्यांना खाऊन टाकतात, त्याच नाहीशा झाल्यावर जागा मोकळीच. म्हणून माझ्या अंगणातल्या लहान काळ्या मुंग्यांना मी जपते.

ऑस्टिनच्या विद्यापीठात लॅरी गिल्बर्ट यांच्या चमूनं 1990च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेतल्या बारीक माश्या आणून सोडल्या. ही माशी मुंगीच्या अंगात अंडं घालते. अळी सरकत डोक्यात जाते, आतलं खाते, आणि मुंगीचं डोकं गळून पडतं. त्या माश्या टेक्सासात आता रुळल्या आहेत. त्यांनी वारूळ संपत नाही, पण माशी घिरट्या घालू लागली की मुंग्या घाबरून बाहेर पडत नाहीत. आमचा मुलगा हे वर्णन जेवताना करतो.

तर, पूर्ण जातात का? नाही. शेजाऱ्याच्या अंगणातून येतात, राण्या उडत येतात, पुरात वाहून येतात. हार्वे वादळात, 2017च्या ऑगस्टमध्ये, पुराच्या पाण्यावर एकमेकींना धरून तरंगणारे त्यांचे लालसर तराफे सगळ्या ह्यूस्टननं टीव्हीवर पाहिले. आमच्या गल्लीत आता चार-पाच घरं मिळून एकाच संध्याकाळी आमिष टाकतो, एकदा वसंतात आणि एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात. दुसरं जास्त महत्त्वाचं, हिवाळ्याआधी वसाहती कमजोर होतात. कोपऱ्यावरचे आजोबाही सामील झाले आहेत. मक्याचा रवा आहे म्हटल्यावर ते लगेच तयार झाले, आणि मी तेलाचा विषय काढला नाही.

परवा पेअरलँडच्या मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगत होते. तिच्याकडे क्रेझी अँट आल्या आहेत, 2002 साली ह्यूस्टन परिसरातच ध्यानात आलेल्या. त्या फायर अँटना हुसकावून लावतात, टोचत नाहीत, पण विजेच्या डब्यांत, एसीत, भिंतीत लाखांनी शिरतात, आणि नेहमीच्या आमिषाकडे ढुंकून बघत नाहीत. ती म्हणाली, "तुझे दोन-चार ढीग इकडे पाठव ग. निदान त्या खाल्लेलं मानतात."