बीटाने लिव्हर साफ होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड वन आलं, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलेली, हे ओळखीच्यांत माहीत आहे. त्यामुळे आमच्या सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत भाजी निवडताना कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, बीटाचा ज्यूस दिलात का? त्याने लिव्हर साफ होतं म्हणे."

दिला होता, पंधरा दिवस. गाळणीत उरलेला लाल चोथा मी तुळशीच्या शेजारच्या कुंडीत टाकायचे. मग लक्षात आलं, पोट भरणारा भाग कुंडीत जातोय आणि पेल्यात बीटाची साखर उतरतेय. लिव्हर काही तुंबलेली मोरी नव्हे. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची ते चरबी करतं आणि स्वतःतच साठवतं. आता अर्धं बीट किसते, त्यात दही आणि शेंगदाण्याचं कूट. कोशिंबीर वाढली की तिसरी भाकरी आपोआप राहते.

खरी अडचण एकादशीला होती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, घरात महिन्याच्या दोन्ही एकादश्या. साबुदाण्याची खिचडी, वर तुपात परतलेला बटाटा, संध्याकाळी वेफर्स. साबुदाणाही कंदाचाच, पण त्यात उरतो नुसता स्टार्च, चोथा जवळजवळ नाहीच. आता रताळी सालीसकट उकडते आणि ताकाबरोबर देते. मोजकीच, कारण रताळंही पिष्टमयच.

गाजराचंही सांगते. गेल्या हिवाळ्यात जाऊबाईंचे तळहात पिवळे दिसायला लागले. सगळ्यांना कावीळच वाटली. त्या रोज चार-पाच गाजरं खात होत्या. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र स्वच्छ पांढरा होता. कावीळ असती तर तोही पिवळा झाला असता. तरी काविळीत रक्तात वाढणारं बिलिरुबिन तपासलं, नॉर्मल आलं. गाजरं कमी केल्यावर काही आठवड्यांत हात पूर्ववत झाले. पण डोळे पिवळे असतील तर मुळ्याच्या रसावर दिवस काढू नका, कळकळीने सांगते. आधी डॉक्टर गाठा.

आमच्या डॉक्टरांनी भाजीचं नावही घेतलं नव्हतं. वजन सात ते दहा टक्के उतरवा, एवढंच म्हणाले. हे रोज संध्याकाळी कंबर तलावापर्यंत चालत जातात. वर्षभरात 82 किलोचे 76 झाले आणि पुढच्या सोनोग्राफीत चरबी कमी दिसली. त्यात बीटाचा वाटा इतकाच, की ते ताटात भाकरीच्या जागी आलं.

ज्यूसर घ्यायला निघाला असाल तर थांबा. घरातली किसणी पुरते.