निकाल लागल्यानंतर त्याच्यासमोर का बसले

“ज्याने तुमचा ऊस पेटवला, त्याला कोर्टाने दोषी ठरवल्यावर त्याच्याशी बोलायचे काय उरले होते?” लग्नाच्या मांडवापासून दूध डेअरीच्या रांगेपर्यंत कर्नाटकातल्या आमच्या निपाणी भागात हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो, आणि आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

2019च्या जानेवारीत, तोडणीची टोळी यायला चार दिवस असताना, वेदगंगेकाठचा आमचा दीड एकराचा फड रात्री पेटला. जळीत ऊस वजनाला घटतो, शिवाय कारखाना कपात लावतो. ते आम्ही सोसले. पेटवणारा निघाला बांधालगतच्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 435 खाली, म्हणजे आग लावून नुकसान केल्याबद्दल, खटला चालला. हा गुन्हा आपसांत मिटवता येत नव्हता, आणि शेतमालाच्या बाबतीत दहा रुपयांचे नुकसानही त्याला पुरत असे. माझा जबाब कन्नडमध्ये लिहून मला मराठीत समजावून सांगण्यात आला. किती गुंठे जळाले, किती वाजता, कोणी पाहिले, हे सारे त्यात बरोबर होते. पण मला रात्ररात्र छळणारा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, म्हणून तो त्यात नव्हता.

पहिलाच गुन्हा आणि कोवळे वय पाहून कोर्टाने त्याला 1958च्या प्रोबेशनच्या कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या बांधावरून जाऊ लागला, आणि तो दिसला की मी पाठ फिरवत असे. शेत माझे, आणि पाठ फिरवायची मी!

गावकीत बसून मिटवून टाका, असे सुरुवातीलाच सांगितले गेले होते आणि मी ते मानले नव्हते. तिथे ज्याची जमीन जास्त त्याचा आवाज चालतो, आणि बाईने फक्त मान डोलवायची असते. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी सुचवले ते निराळे होते. कॅनडातल्या एल्मायरा गावात 1974 साली दोन तरुणांनी 22 ठिकाणी नासधूस केली, तेव्हा प्रोबेशन अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारात पाठवले होते, हे त्यांनी मला सांगितले. तशीच भेट इथे घडवायची होती: त्या मुलाने आधी स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे, मला नको वाटेल त्या क्षणी मी उठून जायचे, आणि माफीचा शब्द माझ्याकडे कोणी मागायचा नाही, एवढे ठरवून घेण्यासाठी गुरुजी महिनाभर आम्हा दोघांना वेगवेगळे भेटत होते.

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. चहावर साय धरली, तरी बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी मी विचारले, “आग लावलीस ते कळलं. मग पाण्याची घागर घेऊन सगळ्यांच्या पुढं का धावलास?” कारण त्या रात्री माझ्या हातात पहिली घागर त्यानेच दिली होती, आणि ते ढोंग होते की काय, हेच मला कळत नव्हते.

तो खाली बघत म्हणाला, “वारं फिरलं काकू. जाळ तुमच्या गोठ्याकडं निघाला. आत गाय बांधल्याली.” बांध आम्ही सरकवला, असे तो लहानपणापासून घरात ऐकत आला होता. तो बांध मोजणीत कसा ठरला, हे मग मी त्याला सांगितले. त्याला पटले की नाही, ते त्याने सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही.

भरपाईचे पैसे त्याच्या घरात नव्हते. पंपाची वीज आमच्याकडे बहुतेक रात्रीची येते, म्हणून एक हंगामभर आमच्या खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, रात्रीचे पाणी त्याने पाजायचे ठरले, आणि त्याने ते पाजले. “मग माफ केलंत का?” असे लोक पुढे विचारतात. नाही, अजून केलेले नाही. पण आता तो बांधावरून जाताना मी त्याच्याकडे तोंड करून उभी असते, आणि “काकू, मोटर बंद केली,” असे त्याने सांगितले की “बरं” म्हणते.