एक आकडा, एक चिंचोका

पहिलीतला तो पोरगा एक ते पन्नास एका दमात म्हणायचा. पण सात चिंचोके पुढ्यात ठेवले की कधी नऊ भरायचे, कधी पाच. तोंड पुढे पळायचं, बोट मागे राहायचं. २०२१ मध्ये लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करायला निपुण भारत अभियान आलं तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणांत ‘एकास एक संगती’, म्हणजे एका वस्तूला एकच आकडा, हा शब्द कितीदा ऐकला! या पोराला मात्र ती महिनाभर जमत नव्हती आणि मला रात्री त्याचीच बोटं आठवायची.

तो जुलैतला दिवस. साताऱ्यात झड लागली होती, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात. मैदानात चिखल, म्हणून वर्गातल्या टीव्हीवर ‘जेक अँड द नेव्हर लँड पायरेट्स’चा एक भाग लावला. २०११ साली डिस्ने ज्युनियरवर सुरू झालेली ही मालिका. जेक, इझी आणि कबी हे तीन छोटे चाचे, समोर कॅप्टन हुक. कबीच्या हातात नकाशा. वाटेतली एकेक अडचण सोडवली की सोन्याची नाणी मिळतात. संवाद इंग्रजी, तरी पोरं खिळून बसली.

मध्येच एक पोरगी म्हणाली, “बाई, चाचं म्हंजी चोरच की!”

मी टीव्ही थांबवला. जहाजं लुटणारे चोरच, हे सांगितलं. पण आपल्या शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे, त्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे, हेही सांगितलं. पहिलीच्या पोरांना त्यातलं किती पोचलं असेल ते असो, प्रश्न तिचा होता आणि तो टाळणं मला बरं वाटलं नाही.

शेवटी तिघं मिळालेली नाणी मोजून पेटीत टाकतात. तेव्हा माझं लक्ष त्या पोराकडे गेलं. पडद्यावर आकडा आला की हा एक चिंचोका मांडीवर ठेवत होता. एक आकडा, एक चिंचोका. नाण्यासाठी तोंड थांबत होतं.

मी लगेच बुट्टी आणली. “टाक तुझी नाणी.” चिंचोका बुट्टीत पडल्याचा आवाज होईपर्यंत पुढचा आकडा म्हणायचा नाही, एवढाच नियम. तिसऱ्या खेपेला सात बरोबर आले. मालिकेतला जेक प्रश्न विचारून क्षणभर थांबतो, मग उत्तर आलं न आलं तरी गोष्ट पुढे जाते. तिसऱ्या खेपेपर्यंत थांबायला तिथे माणूसच लागतं. “किती झाले?” विचारल्यावर तो पुन्हा एकपासून मोजायला लागला. म्हणजे शेवटचा आकडा हीच एकूण संख्या, हे अजून बसायचं होतं.

दुपारी खिचडीच्या वेळी ताटल्या वाटायचं काम त्याने मागून घेतलं. प्रत्येकापुढे एक ठेवत तो रांगेच्या टोकाला पोचला आणि हातातल्या ताटल्या वर धरून ओरडला,

“बाई, दोन उरल्या! दोघं आल्याली न्हाईत!”