अकरा मोलांची तूट

आमच्या पायलट प्लांटमध्ये, म्हणजे लहान चाचणी संयंत्रात, टोल्युईनचे हायड्रोजनेशन करून (त्याला हायड्रोजन जोडून) मिथिलसायक्लोहेक्झेन तयार करण्याच्या चाचण्या चालू होत्या. बाहेर पडणारा वायू मोजणारा मीटर त्याच आठवड्यात बसवला होता, त्यामुळे हायड्रोजनचा पूर्ण ताळेबंद (आत किती गेला, किती खर्ची पडला, बाहेर किती आला) मांडण्याची ती माझी पहिलीच वेळ होती आणि तो ताळेबंद जुळत नव्हता.

आत जाणारा प्रवाह नियंत्रित करणारा फ्लो कंट्रोलर मिनिटाला ६० प्रमाण लिटर (ठरावीक तापमान आणि दाबाला धरलेले लिटर) हायड्रोजन दाखवत होता. एका मोलाचे (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) आकारमान २२.४१४ लिटर धरून, त्याने भागून आणि मिनिटांचे तास करून मी तो १६०.६ मोल प्रति तास, म्हणजे ०.१६०६ किलोमोल प्रति तास, असा लिहिला होता. टोल्युईन तासाला २.३ किलो, म्हणजे सुमारे २५ मोल जात होते. ते जवळजवळ सगळे रूपांतरित होत होते आणि प्रत्येक मोलाला ३ मोल हायड्रोजन लागत असल्याने ७५ मोल खर्ची पडत होते. तापमान, दाब आणि बाष्पांची दुरुस्ती करून बाहेर मोजलेला हायड्रोजन ७४.६ मोल होता. उरलेल्या ११ मोलांचा पत्ता लागत नव्हता.

आकडा लहान दिसतो, पण खोलीच्या तापमानाला ११ मोल प्रति तास म्हणजे मिनिटाला जवळपास साडेचार लिटर हायड्रोजन, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. मी लगेच युनिट बंद करायला सांगितले. वायूशोधक गप्प होते, तरीही आम्ही प्रत्येक फ्लँजला (पाइपांच्या जोडाला) साबणाचे पाणी लावले आणि नायट्रोजन भरून चार तास दाब धरून ठेवला. काटा हलला नाही. दरम्यान मी सगळी रूपांतरे पुन्हा तपासली: किलोमोल प्रति तासाला ३.६ ने भागले की मोल प्रति सेकंद मिळतात, तेही बरोबर होते. मोलांच्या एककांमधली ही रूपांतरे निव्वळ गुणाकार-भागाकाराची असतात, आणि मी चूक तिथेच शोधत राहिलो.

दुपारी युनिट पुन्हा सुरू केले तेव्हा माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी दाब तोच ठेवून दोन्ही प्रवाह निम्मे करायला सांगितले. तूट ११ वरून ५.५ वर आली. गळती दाबावर अवलंबून असते. दाब तोच असताना प्रवाह निम्मा केला म्हणून ती निम्मी होण्याचे काही कारण नाही. म्हणजे आमची तूट गळतीची नव्हती, ती एका गुणकाची होती. मी १६०.६ ला, हिशेब लागलेल्या १४९.६ ने भागले. उत्तर आले १.०७३, आणि २९३.१५ भागिले २७३.१५ केल्यावरही तेवढेच येते.

कंट्रोलरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र फाईलमधून काढले. त्याचा ‘प्रमाण लिटर’ २० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कलचा होता; तिथे एका मोलाचे आकारमान २४.०५५ लिटर धरायचे असते. मी शून्य अंशाचा २२.४१४ वापरला होता, कारण आमच्या आधीच्या कंट्रोलरचे प्रमाण तापमान तेच होते. प्रमाण लिटर हे एकक आकारमानाचे दिसत असले तरी प्रत्यक्षात ते मोलांची मोजणी असते, आणि संदर्भाचे तापमान व दाब सोबत लिहिले नाहीत तर ती मोजणी किती मोलांची हे कोणालाच सांगता येत नाही. ही गोष्ट मी वर्गात शिकलो होतो, पण तक्त्यातील स्तंभाच्या शीर्षकात ती कधी लिहिली नव्हती.

२४.०५५ घातल्यावर आत जाणारा हायड्रोजन १४९.७ मोल प्रति तास झाला आणि ताळेबंद जुळला. संध्याकाळ मात्र जुन्या नोंदी दुरुस्त करण्यात गेली. नवा कंट्रोलर बसल्यापासूनच्या प्रत्येक चाचणीत हायड्रोजन व टोल्युईनचे मोल गुणोत्तर मी ६.४ लिहिले होते, आणि ते ६.० होते. उत्प्रेरकाची तुलना त्याच गुणोत्तरावर उभी असल्याने, पाठवून झालेले दोन अहवाल मी त्याच रात्री परत मागवले.