गृहपाठ पूर्ण, पण वाचता येईना

मुलांच्या वाचन-गणिताच्या चाचण्या घेणं आणि शिकवणाऱ्यांना प्रशिक्षण देणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका वस्तीतल्या तरुण मंडळाचे सचिव मला भेटायला आले. मंडळाच्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी सहा ते आठ मोफत अभ्यासवर्ग चालतो. शिकवायला जवळच्या कॉलेजांतली मुलं येतात, बरीचशी एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतली. देणगीदारांनी सरळ विचारलं होतं, की या वर्गामुळे मुलांचा अभ्यास सुधारतो का? सचिवांनी उत्तर तयारच आणलं होतं, प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. क-१ चे ब-२ झालेले, ब-२ चे ब-१. त्यांना माझ्याकडून फक्त शिक्कामोर्तब हवं होतं.

नुसत्या प्रगतिपुस्तकावर मी सही करत नाही. प्राथमिकच्या श्रेणीत लेखी परीक्षेबरोबर आकारिक मूल्यमापनही धरलेलं असतं. त्यात तोंडीकाम येतं, प्रकल्प येतात, स्वाध्यायाच्या वह्या येतात. वही पूर्ण असली की श्रेणी चढते. म्हणून म्हटलं, एक शनिवार द्या, मी आणि माझी सहकारी येऊन प्रत्येक मुलाला वेगळं बसवून वाचायला सांगतो.

चाचणी अगदी साधी असते. २००५ पासून देशभर 'असर' नावाच्या, मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात जी वापरतात तीच पद्धत. पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद मुलासमोर ठेवायचा. सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, अडखळला तर सुटे शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. पास-नापास काही नाही. मूल कुठल्या पायरीवर उभं आहे एवढंच कळतं, आणि शिकवणाऱ्याला तेवढं पुरतं.

पाचवीतला एक मुलगा आला तो वही घेऊनच. मी मागितली नव्हती, पण त्याला ती दाखवायची होती. अक्षर इतकं वळणदार की मीही थबकले. आदल्या दिवशीची तारीख, समासात लाल रेघ, सहा प्रश्नांची पूर्ण उत्तरं, खाली शिकवणाऱ्या दादाची सही. मग परिच्छेद पुढे केला. तो गप्प. शब्दांच्या कार्डावर आलो, तरी गप्प. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि त्याच्याच वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. 'शेतकरी' असा शब्द होता. तो म्हणाला, "श... त... क... र..." आणि माझ्याकडे बघत राहिला. मात्रा, वेलांटी यांचा आवाज त्याच्या लेखी नव्हताच. सहा उत्तरं त्याने चित्र काढावं तशी फळ्यावरून उतरवून घेतली होती.

त्याच्या गटाला शिकवणारा दादा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. तो शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मी याला रोज वेळ देतो. एक दिवस वही अपुरी गेलेली नाही." ते खरंच होतं. तो कामचुकार नव्हता, उलट वर्गातला सर्वात नेमाने येणारा तोच. पण दारात न्यायला आलेली आई विचारते, "वही झाली का?" शाळेत सर विचारतात, "वही झाली का?" मंडळाच्या रजिस्टरमध्येही रकाना होता तो 'गृहपाठ पूर्ण' एवढाच. मुलाला वाचता येतं का, हे त्या दादाला कोणी विचारलंच नव्हतं. पाचवीच्या पुस्तकातला स्वाध्याय सोडवायचा तर आधी धडा वाचता यायला हवा. तो येत नसेल तर हाताशी दोनच उपाय उरतात, गाईड आणि फळा.

हा एकटाच असा नव्हता. चौथी-पाचवीतली जवळपास निम्मी मुलं शब्दांच्या आसपास अडकलेली निघाली. याचा धक्का बसणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं साधारण २७ टक्केच होती. ही मुलं पुढच्या इयत्तेत जातात, पुस्तक आणखी अवघड होतं आणि दरी वाढत जाते.

दुपारनंतर मात्र माझ्या सहकारीच्या टेबलावर वेगळंच काही दिसायला लागलं. काही मुलं, त्याच इयत्तांची, परिच्छेद व्यवस्थित वाचत होती. दोघी-तिघी तर गोष्टीपर्यंत पोचल्या. कोणाचा गट म्हणून विचारलं तर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पुढे आली. आत जागा नाही म्हणून ती बाहेरच्या पायऱ्यांवर बसवायची, आणि तिच्याकडे यायची ती 'याला काही जमत नाही' म्हणून दुसऱ्यांनी पाठवलेली मुलं.

तिच्याकडे एक छोटी डायरी होती. मूल पहिल्या दिवशी आलं तेव्हा त्याला काय येत होतं, हे तिने प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं. 'फक्त अक्षरं.' 'काना येतो, वेलांटी नाही.' 'शब्द वाचते पण वाक्य तोडते.' या कामात मला यापेक्षा मोलाचा कागद क्वचितच मिळतो. पहिला पाऊण तास ती कुठल्याच वहीला हात लावू द्यायची नाही. जमिनीवर बाराखडीचा तक्ता, त्यावर मुलांनी उड्या मारून शब्द जुळवायचे. गल्लीतल्या पाट्या वाचायच्या: पीठ गिरणी, किराणा, येथे मोबाईल दुरुस्त करून मिळेल. मग मुलाने दोन वाक्यं सांगायची, तिने ती मोठ्या अक्षरात लिहायची आणि त्याच मुलाने वाचून दाखवायची. स्वतःचं वाक्य असल्यामुळे मूल वाचताना अडलं तरी सोडत नाही.

डायरीतला जूनचा शेरा आणि आजची पायरी आम्ही समोरासमोर लावली. सगळ्यांनी उडी घेतली नव्हती. एक मुलगा अजून अक्षरांवरच होता, पण त्याचे निम्मे दिवस कोरे होते. बाकीच्यांची वाढ मात्र स्पष्ट होती.

हे मला नवीन नव्हतं, तरी समोर बघताना ऊर भरून आला. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या बालसखी उपक्रमाची २००१ ते २००३ या काळात शास्त्रशुद्ध तपासणी झाली होती. शिकवणाऱ्या त्या मुली वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या, जुजबी प्रशिक्षण आणि तुटपुंजं मानधन घेऊन काम करणाऱ्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं शाळेच्याच वेळात दोनेक तास त्यांच्याकडे बसत. गुण वाढले, आणि सर्वात जास्त वाढले ते सर्वात मागे असलेल्यांचे. त्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि देणगीदारांना तेही सांगायला हवं.

संध्याकाळी सचिव खुशीत होते. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. वर्गातल्या मुलांची तुलना वस्तीतल्या वर्गात न येणाऱ्यांशी करू आणि अहवालात घालू, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं. जे आईवडील पोराला रोज सहाला वर्गात आणून सोडतात, ते घरीही त्याच्या मागे असतात. ती मुलं वर्ग नसता तरी थोडी पुढे असती. तो फरक वर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. पण न येणारी मुलं कोण, हे बघायचं मात्र होतं. म्हणून साडेसहाला आम्ही गल्लीत निघालो.

लांब जावं लागलं नाही. वळणावरच्या नळावर रांग होती आणि रांगेत तिसरी ते सातवीच्या मुली. पाणी सहाला येतं, साडेसातला जातं. आया त्या वेळी धुण्याभांड्याच्या कामावरून परतत असतात. चौथीतल्या एकीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ होता. "वर्गात का येत नाहीस गं?" "आले होते. बाळ रडतं म्हणून दादा म्हणाले, त्याला घरी ठेवून ये. घरी कोणी नसतं." मी शब्दांचं कार्ड पुढे केलं. हंडा नळाखाली लावून तिने पाचांतले दोन शब्द वाचले, तिसऱ्यातल्या जोडाक्षरावर अडली आणि नंबर आला म्हणून वळली.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात नेमकं हेच आकड्यांत दिसलं होतं. तिथे गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेनंतर वाचनवर्ग घेतले. अजिबात वाचता न येणारी जी मुलं वर्गाला गेली, त्यांतली बरीच अक्षरं ओळखायला लागली. वर्ग उपयोगी पडत होते यात शंका नाही. पण अक्षरंही न ओळखणाऱ्यांपैकी वर्गाला गेली जेमतेम १३ टक्के. बाकीच्यांपर्यंत वर्ग पोचलाच नाही.

रात्री समाजमंदिरात बैठक बसली. सचिव जरा नाराज होते. "मग देणगीदारांना सांगू तरी काय?" मी म्हटलं, हेच सांगा. शिकवणारी मुलं विनामोबदला येतात म्हणून फायदा कमी होतो असं नाही. इटलीत २०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी शाळकरी मुलांना ऑनलाइन शिकवलं, तेही आठवड्याला साधारण तीनच तास. पण एका मुलाला एकच ठरलेला शिक्षक होता आणि त्याला प्रशिक्षण मिळालेलं होतं. त्या मुलांचे गुण वाढले. तुमच्याकडे पायऱ्यांवर जे झालं ते आत हॉलमध्येही होऊ शकतं, पण त्यासाठी गट इयत्तेचे नकोत, वाचनाच्या पायरीचे हवेत.

यावर बरीच वादावादी झाली. पाचवीच्या मुलाला तिसरीच्या पोरांबरोबर बसवलं तर तो यायचाच बंद होईल, असं एका स्वयंसेवकाचं म्हणणं. ही भीती खोटी नाही, मी अशी मुलं सुटताना पाहिली आहेत. त्यावर पायऱ्यांवरच्या ताईनेच तोड सांगितली. मोठ्या मुलांचा वाचनगट शेवटच्या अर्ध्या तासात वेगळा घ्यायचा आणि लहानांना शब्द घालायचं काम त्यांना द्यायचं. सेमिस्टरच्या परीक्षांत स्वयंसेवक गळतात तेव्हा काय, हा प्रश्न तर सगळ्यांनाच छळणारा. एनएसएसचे वर्षाचे १२० तास कुणी कधी भरायचे, हे आधीच वाटून घ्यायचं आणि प्रत्येक गटाला दोन माणसं जोडायची, इतपत ठरलं. इंजिनियरिंगवाला दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "ती डायरी मला एक दिवस द्या, मला तशीच सुरू करायची आहे."

नळावरच्या मुलींसाठी साडेसात ते साडेआठ असा वेगळा तास निघाला. बाळं आणली तरी चालतील, कोपऱ्यात सतरंजी टाकायची, असंही ठरलं. रजिस्टरमधला 'गृहपाठ पूर्ण' हा रकाना सचिवांनी तिथेच खोडला आणि त्या जागी 'वाचनाची पायरी' लिहिलं. पुढची चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. तिच्या यादीत सध्या वर्गात न येणाऱ्या मुलांची नावं आधी घालायला मी सांगितलं, आणि ती गोळा करायला दोघं जण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला नळावर गेलेही.