अलास्का हायवे, बाबा आणि एक जाडजूड पुस्तक

अलास्का हायवेला, म्हणजे कॅनडातून अलास्कात जाणाऱ्या लांबलचक रस्त्याला, निघतोय असं सांगितलं की तिकडे जाऊन आलेला प्रत्येक जण पहिलं एकच विचारतो, 'द माइलपोस्ट' घेतलंस का? १९४९ पासून निघणारं गाईडबुक आहे हे, दर वर्षी नवीन आवृत्ती, मोठ्या आकाराचं आणि चांगलंच जाड, आणि त्यात रस्ता मैलामैलाने लिहिलेला असतो. म्हणजे खरोखर मैलामैलाने. कुठे ओढा आहे, कुठे गाडी बाजूला घ्यायला जागा आहे, कुठे कचऱ्याचा डबा आहे, पेट्रोल कुठे, चढ कुठे सुरू होतो, सगळं. मला आधी वाटलं होतं की फोन असताना हे कशाला, पण वाटेतलं फोर्ट नेल्सन गाव सोडलं की तासन् तास नेटवर्क नसतं, आणि तिथून वॉटसन लेकपर्यंत पाचशेहून जास्त किलोमीटर नुसतं जंगल, डोंगर आणि अधूनमधून एखादं लॉज.

आम्ही कॅनडातल्या एडमंटनला राहतो. आई-बाबा उन्हाळ्यासाठी साताऱ्याहून आले होते आणि बाबांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्यामुळे पुढच्या सीटवर पुस्तक घेऊन कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. पुस्तकात प्रत्येक नोंदीला दोन आकडे असतात, एक डॉसन क्रीकपासूनचं अंतर (तिथे हायवेचा शून्य मैल आहे) आणि दुसरा अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपासूनचं, जिथे हायवे संपतो. जाताना वरून खाली वाचायचं, येताना खालून वर. बाबांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "अरे हा तर टप्प्यांचा तक्ताच की!" डॉसन क्रीकला मला ट्रिपमीटर शून्य करायला लावला, चष्मा चढवला, हातात पेन्सिल, आणि तिथून पुढे गाडी मी चालवत होतो पण रस्ता त्यांच्या ताब्यात होता.

सुरुवातीलाच एक घोळ असतो तो सांगून ठेवतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ होतोच. या रस्त्यावर अंतराचे आकडे तीन प्रकारचे आहेत. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने रस्ता केला तेव्हा तो फार वाकडातिकडा होता, नंतरच्या वर्षांत वळणं कापत कापत तो लहान होत गेला, पण गावांना आणि लॉजेसना जुने आकडे चिकटले ते चिकटलेच, पत्त्यासारखे. वॉटसन लेक अजूनही माइल ६३५ म्हणूनच ओळखलं जातं पण आज डॉसन क्रीकपासून गाडीने ते साधारण ६१३ मैलांवर येतं. डेल्टा जंक्शनला १४२२ चा खांब आहे, प्रत्यक्षात भरतात १३८७ च्या आसपास. त्यात कॅनडात रस्त्याकडेच्या पाट्या किलोमीटरमध्ये. पुस्तक हे सगळं शेजारी शेजारी देतं आणि बाबांना त्यातच जास्त मजा येत होती, "आता जुना तीनशे म्हणजे फोर्ट नेल्सन, आपल्या मीटरवर दोनशे त्र्याऐंशी यायला पाहिजे" असं म्हणून ते माझ्या मीटरकडे वाकून बघायचे आणि आकडा जुळला की पेन्सिलीने बारीक टिक.

मुंचो लेकच्या अलीकडे बाबांनी वाचलं की इथे स्टोन शीप रस्त्यावर येतात, हळू चालव. मी स्पीड कमी केला आणि पुढच्या वळणानंतर खरंच सातआठ मेंढ्या रस्त्याच्या कडेला माती चाटत होत्या, दोन पिल्लं अगदी पांढऱ्या पट्ट्यावर, करड्या अंगाची, गुडघे टेकून, आणि आमच्या गाडीकडे ढुंकून बघायला तयार नाहीत. त्या डोंगरातल्या मातीत त्यांना लागणारे क्षार आहेत म्हणून त्या येतात. वळणावर ट्रक नेहमीच्या वेगाने आला असता तर? हे असं आधीच सांगून ठेवणारं कोणीतरी गाडीत असणं फार मोलाचं आहे.

लियार्डच्या गरम झऱ्यांना आईने आख्खी संध्याकाळ घेतली. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते, मग झाडीत वाफाळणारं पाणी, आणि उगमाकडे सरकावं तसं इतकं तापत जातं की पाय मागे घ्यावा लागतो. आई म्हणाली वज्रेश्वरीपेक्षा इथे निवांत आहे. तिथून पुढे रस्त्याकडेला जंगली बायसन, आपल्या गव्यांसारखे, कळपाने चरत होते.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला दिशादर्शक खांब दुरुस्त करताना घरची आठवण आली आणि त्याने आपल्या गावाची, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलची पाटी ठोकली, मग लोक ठोकतच गेले, आता ऐंशी हजारांच्या वर आहेत. हे आधीच वाचलेलं असल्यामुळे बाबांनी घरीच पाटी रंगवून घेतली होती, पिवळ्यावर काळं 'सातारा', एसटीच्या बोर्डासारखं अक्षर. एका जर्मन गावाच्या खाली जागा मिळाली.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या वाचनामुळे रस्ता कोणी केला ते कळत गेलं. पर्ल हार्बरनंतर अलास्कापर्यंत जमिनीवरून वाट हवी म्हणून दहा हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक लावले, मार्चमध्ये सुरुवात आणि २० नोव्हेंबर १९४२ ला क्लुएन लेकच्या वर सोल्जर्स समिटला उद्घाटन. यातले जवळपास एक तृतीयांश सैनिक कृष्णवर्णीय होते, त्यांच्या रेजिमेंट वेगळ्या. ऑक्टोबरमध्ये बीव्हर क्रीकजवळ दोन्ही बाजूंनी येणारे बुलडोझर समोरासमोर आले, एकावर कृष्णवर्णीय रिफाइन्स सिम्स आणि दुसऱ्यावर गोरा आल्फ्रेड जालुफ्का. बाबांनी हे सगळं मोठ्याने वाचलं, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उतरून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत म्हणाले, "अरे, थंडीत हातांचं काय झालं असेल यांच्या." सैन्यातली ती वेगळी पंगत मोडायचा आदेश यायला १९४८ उजाडावं लागलं. मला वाटतं ही माहिती त्या रस्त्यावरच वाचायला हवी, घरी सोफ्यावर वाचून ती इतकी लागत नाही.

क्लुएनच्या टोकाला आता धूळ उडते कारण २०१६ मध्ये कास्कावुल्श हिमनदी मागे सरकल्यावर तिचं पाणी दुसऱ्याच खोऱ्यात वळलं आणि स्लिम्स नदी जवळजवळ आटली, पूल मोठा आणि खाली पाणी कमी. आणि डिस्ट्रक्शन बेच्या पुढे अलास्काच्या सीमेपर्यंत रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, खाली कायम गोठलेली जमीन आहे, ती वितळली की डांबर खचतं. गाडीत मागे बसलेल्यांचं डोकं टपाला लागतं, तेव्हा तिथे ताशी साठ किलोमीटरच्या वर जाऊच नका.

जाणार असाल तर दोनतीन गोष्टी. आवृत्ती चालू वर्षाचीच घ्या, लॉजेस बंद पडतात, पेट्रोल पंपांच्या वेळा बदलतात, जुन्या पुस्तकावर विसंबून टाकी अर्धी ठेवणं परवडणारं नाही, आणि नवीन असलं तरी अर्ध्यावर आली की भरूनच घ्या. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची पानं वाचून ठेवा, कारण गाडीत बारीक अक्षर वाचून काही जणांना मळमळतं. पुस्तकात बाजू उत्तर-दक्षिण अशा सांगितलेल्या असतात, डावी-उजवी नाही, तेव्हा वाचणाऱ्याला दिशेचं भान हवं. आणि परत येताना वॉटसन लेकच्या पश्चिमेला कॅसियर हायवे फुटतो दक्षिणेकडे, त्याचंही प्रकरण त्यातच आहे, आम्ही त्याच वाटेने उतरलो आणि बाबांनी तेही शेवटपर्यंत खालून वर वाचत नेलं.