काका

स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आला आणि डोळ्यासमोर फक्त गणिताचे सरच आले. कोणते ते आपल्या बॅचला सांगायची गरज नाही. बाकी शिक्षकांनी रागावू नये, पण मला लिहायचंय ते सरांबद्दलच.

दहावीत संभाव्यतेचा पहिला तास. सरांनी विचारलं, दोन नाणी एकदम उडवली तर दोन्ही छापे पडण्याची शक्यता किती? मी हात वर केला, आत्मविश्वास नेहमीप्रमाणे उत्तराच्या आधी पोचलेला. म्हटलं सर, एक तृतीयांश, कारण तीनच गोष्टी होऊ शकतात, दोन छापे, दोन काटे, नाहीतर एकेक. अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. सर चूक म्हणाले नाहीत. खिशातून दोन नाणी काढली, एकावर खडू घासून पांढरं केलं आणि माझ्या हातात दिली. "आता फळ्यावर लिही, पांढरं आधी." मी शॉर्टकट मारत लिहायला लागलो, छाछा, छाका, काछा आणि शेवटी मोठ्याने वाचलं, "काका!" वर्ग फुटला. ते नाव मला शाळा सुटेपर्यंत चिकटलं, काही जण अजून त्याच नावाने फोन करतात.

हसणं थांबल्यावर सर म्हणाले, "झाले ना चार? खडू पुसला तर नाणी वेगळी पडायला लागतात का?" बास, तिथे डोक्यात लख्ख झालं. एकेक पडायच्या वाटा दोन आहेत, मी त्या एकच धरल्या होत्या, म्हणजे उत्तर एक चतुर्थांश. तरी सरांनी सगळ्यांना जोड्या करून नाणी उडवायला लावली, २१ जोड्या, प्रत्येकी २० वेळा. बेंचखाली, दप्तरात, कुठे कुठे नाणी गेली, शेजारच्या वर्गातून तक्रार आली. ४२० पैकी एकेकवाले दोनशेच्या पुढे गेले. माझ्या थिअरीने १४० यायला हवे होते.

पुढे कॉलेजात वाचलं की द'अलाँबेर नावाच्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशात अशीच गडबड केली होती. दोन फेकीत निदान एक छापा येण्याची शक्यता त्याने दोन तृतीयांश काढली, खरी आहे तीन चतुर्थांश. पहिलाच छापा आला की खेळ संपला म्हणून त्याने तीनच शक्यता मोजल्या आणि तिन्ही सारख्या धरल्या. वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि सरांना फोन करायचा होता तो राहिला तो राहिलाच.

सध्या मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, टीम सांभाळतो. मागच्या महिन्यात एका नवीन मुलीने फॉर्मसाठी १२ टेस्ट केस (तपासून बघायच्या वेगवेगळ्या शक्यता) काढल्या, तीन ड्रॉपडाऊन म्हणजे एकेक पर्याय निवडायच्या याद्या, त्यात ४, ५ आणि ३ पर्याय, तिने बेरीज केली. मी सरांच्याच आवाजात विचारलं, "हे 'आणि' आहे की 'किंवा'?" ती दोन मिनिटं गप्प, मग गुणाकार करून म्हणाली ६०. (सगळ्या ६० कोणी चालवत नाही हा भाग वेगळा, पण आहेत किती ते तरी माहीत हवं ना.)

आता म्हणे वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, बटण दाबलं की नाणं हजार वेळा उडतं. असेल. पण मग शोधायला वाकणार कोण? त्या दिवशी माझं खडूवालं नाणं घरंगळत प्लॅटफॉर्मखाली गेलं. मी म्हटलं सर, ही फेक सोडून देऊ. सर म्हणाले, "पडलंय ते मोजायचं." मग मी फरशीला गाल टेकवून फटीतून बघितलं आणि ओरडलो, काटा! हात काही पोचला नाही. तो लाकडी प्लॅटफॉर्म अजून काढला नसेल तर ते नाणं तिथेच असणार, काटा वर.